विरघळणारी कवचं

माझी थोरली बहीण सुमनताई एका संग्रहालयात समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्म जीवाश्म सांभाळते. परवा तिच्याकडे गेले, तर तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काळ्या पट्टीवर पांढरी कवचं होती, एकेक वाळूच्या कणाएवढं, फुगीर कप्प्यांचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनेच ती ओल्या कुंचल्याच्या टोकाने वेचली होती.

तेवढ्यात एक संशोधक बाई आल्या. "मॅडम, यातली वीसेक कवचं लागतील. आम्लात विरघळवली की हे जीव जगत होते तेव्हाचा समुद्र किती उबदार होता ते कळेल."

"परत काय मिळेल?" ताईने विचारलं.

"आकडा मिळेल, मॅडम."

ताई हसली की काय, मला नीट कळलं नाही. तिने कुंचला ओला केला आणि एकेक कवच त्यांच्या काचेच्या नळीत सोडू लागली. सगळ्यांत सुबक होती तीच आधी.

"अगं, चांगली तरी ठेव ना!" मी म्हणाले.

"फुटक्यांवरून समुद्र चुकीचा कळतो."

मी गोंधळून गेले. लाखो वर्षं गाळात टिकलेलं कवच कळावं म्हणून ते संपवायचं, तर ताई इतकी वर्षं जपत काय होती? ही कवचं, की त्यांनी अनुभवलेला समुद्र? आणि हे तिला विचारावं तरी कसं?

झाकण लावून तिने नळी उजेडाकडे धरली. मला तळाशी काहीच दिसेना.

"आहेत का गं आत?"

"आत्ता आहेत," ताई म्हणाली, आणि नळी हातात धरून तशीच उभी राहिली.