जायफळी रंगाचा तुकडा

"ट्यूबलाइट खोटं बोलते ताई, उनात या," असं म्हणत शेजारचे भाऊ माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहायचे. हातात नुकतीच छापलेली दगडी पाटी, अजून गरम, म्हणून जुन्या टॉवेलात धरलेली. समोर गिऱ्हाईक असलं तरी मला उठावंच लागे.

खामगावच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर, ब्लाउजपीस आणि अस्तराचं, आणि त्याला लागून भाऊंचं फोटो छापायचं दुकान. पिंपळगाव राजाहून, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचे. तेरवीच्या आधी पाटी हवी असे. फोटो खास शाईनं कागदावर उलटा छापायचा, तो पाटीवर ठेवून तापल्या मशीनखाली दाबायचा, की माणूस दगडावर उतरला. टिकली लावा, साडी बदला, जरा गोरं करा, अशा फर्माइशी असतच. भाऊ तर सांगायच्या आधीच गोरं करून मोकळे होत. "लोकाइले तसंच आवडते," म्हणायचे.

स्वतःच्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. ती सावळी होती, छान तुकतुकीत सावळी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे दुपारी माझ्याकडेच येऊन बसायची, ब्लाउजपीसच्या घड्या घालून द्यायची, आणि बडबड तर विचारूच नका. लग्नाच्या बायोडाट्यासाठी बापानं तिचा फोटो उजळला. मग कॉलेजातले, लहानपणचे, सगळेच उजळले, आणि मूळचे पुसून टाकले. बुलढाण्याहून पाहुणे आले. ही पोहे घेऊन बाहेर गेली, तर मुलाच्या आईनं विचारलं, "फोटोतली मुलगी कुठं आहे?" हे तिनंच मला नक्कल करून सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती तापानं गेली.

तिची पाटी करायला बसले आणि भाऊ हादरले. घरात तिचा एकही खरा फोटो नव्हता. माझ्या काउंटरवर डोकं टेकून ते लहान पोरासारखे रडले. "डोये मिटले तरी गोरीच दिसते वो ताई. माही पोरगी कशी होती, सांगा मले."

मी थप्प्या उपसल्या. तिच्यासाठी पीस निवडताना कितीदा तिच्या मनगटावर कापड धरलं होतं, तो रंग माझ्या डोळ्यांत पक्का होता. जायफळी रंगाचा एक पीस काढून म्हटलं, हा घ्या, हाच तिचा रंग. त्यांनी त्याचा तुकडा कापला आणि मशीनवर चिकटवून ठेवला.

मग सुरू झाली शाईची शोधाशोध. कॉम्प्युटरवर चेहरा गडद करता येई, पण स्वस्तातली शाई दगडावर उतरली की घोळ घाली. एकीनं चेहरा लालसर व्हायचा, दुसरीनं गालावर हिरवट झाक यायची. एक बरी निघाली म्हणून पाटी छपरावर उन्हात ठेवून पाहिली, तर उन्हाळा सरेपर्यंत पोरगी पुन्हा फिकट. मी म्हटलं, भाऊ, या एका पाटीपुरती तरी भारी शाई मागवा ना. त्यांनी मान हलवली.

"माह्या पोरीले भारी शाई अन् लोकाइच्या माणसाले हलकी, असं काऊन? त्याइलेही परवडली पायजे."

हट्टी माणूस! पुन्हा नवी बाटली, पुन्हा पाटी, पुन्हा मला उन्हात बोलावणं. ते पाटीशेजारी तो तुकडा धरत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी नाहीच म्हणायची.

एका सकाळी अकोल्याच्या कुठल्याशा साध्या दुकानातली शाई आली होती. भाऊंनी पाटी उन्हात धरली, तुकडा गालाशी लावला, आणि गाल कुठला नि कापड कुठलं ते मला कळेना. आता पोरगी मला पाहून बडबड सुरू करील, असंच वाटलं. "आली भाऊ," मी कसंबसं म्हटलं. त्यांनी पाटी टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि हळूच तिला म्हणाले, "चाल बाई, घरी चाल."

त्यानंतर त्यांनी कुणालाही गोरं केलं नाही. पाटी त्याच शाईत आणि जुन्याच भावात, पण रंग जसा होता तसाच. अडून बसलेल्यांना सांगत, "मांगून पस्तावसान." काही ऐकत, काही दुसऱ्या दुकानात जात.

यंदा हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. दुकान बंदच होतं, तेव्हा त्यांच्या भावानं पाटी दुसरीकडून करून आणली. मी तेरवीला गेले तर बापलेकीच्या पाट्या शेजारी शेजारी, दोन्हींना हार. ती होती तशीच. भाऊ मात्र नवरदेवासारखे गोरे, गाल गुलाबी. भाऊंच्या भावानं विचारलं, "चांगली आली नं ताई?"

मी हार काढला, पाटी उचलली आणि अंगणात उन्हात नेली. बायका बघत राहिल्या. म्हटलं, हा भाऊंचा रंग नाही.

"मंग कोणता?" त्यानं सरळपणे विचारलं.

मला सांगता येईना. इतकी वर्षं माणूस माझ्यासमोर उन्हात उभा राहिला, आणि दोघांचेही डोळे पाटीवर.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि आधी थप्प्या उपसल्या. बदामी, कॉफी, काथ्या, चिंचेचा रंग. एकेक पीस पायरीवर नेऊन उन्हात धरत होते. एक जरा जवळचा वाटला. "भाऊ, हा पाहा बरं," म्हणत मी शेजारी वळले. शटर खाली होतं.