निरंकारात पाच सेंट

सोमाजी ढिवराच्या घरात देव होते, पण सोमाजीचं त्यांच्याशी फारसं बोलणं नव्हतं. ते खातं त्याच्या बायकोकडे, गोकुळाबाईकडे. सोमाजी पहाटे तलावात बुडी मारायचा, बांधावर येऊन पाण्याकडे तोंड करून बसायचा आणि एक विडी जळून संपेल एवढा वेळ काहीही करायचा नाही. विडीसुद्धा ओढायचा नाही. मग उठून तलावाच्या सरकारी बंगल्यासमोर यायचा. तिथं सिमेंटच्या ओट्यात पाऊस मोजायचं जस्ती यंत्र पुरलेलं होतं. त्याला हात जोडायचा, नरसाळं उचलून आतली बाटली काढायचा, तिच्यातलं पाणी रेघांच्या काचेत ओतायचा आणि आठाच्या ठोक्याला रजिस्टरात आकडा लिहायचा.

चौपन्न सालची गोष्ट. आमचं गाव वडसा स्टेशनापासून बैलगाडीनं चार तास. पाऊस तेव्हा इंचात मोजत, आणि इंचाच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणत. गावात सेंट कळणारा माणूस एकच, तलावाचा चौकीदार सोमाजी. मी शाळेवर गुरुजी होतो, पण मलाही ते त्यानंच समजावलं.

यंत्र बसवायला जो जुना ओव्हरसियर आला होता, त्यानं जाताना सोमाजीला सांगितलं, "हे बघ, ओतल्याबरोबर वाचायचं नाही. पाणी ठरू दे. डोळा खाली आण, पाण्याच्या रेषेत. आणि दिसेल तेच लिही." दुसऱ्या कुणी ही सूचना म्हणून ऐकली असती. सोमाजीनं उपदेश म्हणून घेतली. साहेब पेन्शनीत गेला, उपदेश राहिला. बांधावर बसल्या बसल्या सोमाजी तेच करायचा. आत काय काय हलत असेल ते ठरू द्यायचा. घरात गोकुळाबाईचा आवाज चढला तरी तो मनात "पाणी ठरू दे" म्हणत ओसरीवर बसून राहायचा. तिचं पाणी ठरायला कधीकधी संध्याकाळ व्हायची.

भजनमंडळाच्या केवळरामबुवांना हे पटत नसे. अर्ध्या गावानं त्यांच्याकडून कानमंत्र घेतलेला.

"सोमाजी, तुहा गुरू कोन?"

"जुना सायेब."

"अन् मंत्र?"

"पानी ठरू दे."

"हा मंत्र हाय का तलावावरची नोटीस?"

नवा ओव्हरसियर नागपूरला विज्ञान शिकून आलेला, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. त्याचं दुखणं उलटं. "सोमाजी, यंत्रापुढे हात काय जोडता? जस्ताचं आहे ते."

"म्हून तं जोडतो जी. सोन्याचं असतं तं लोकायनं कवाच नेलं असतं."

थोडक्यात, बुवांच्या लेखी सोमाजी नास्तिक आणि साहेबाच्या लेखी अंधश्रद्ध. दोघंही त्याला सुधारायला टपलेले. तो मात्र सुखात होता.

एका चुकीत माझाही हात आहे. त्याला आकडे आणि अक्षरं मीच शिकवली. पाऊस नसेल त्या दिवशी रकान्यात 'निरंक' लिहायचं, हे घोटून घेतलं. पण त्याच्या हातून उतरलं 'निरंकार'. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत रोज, सुबक अक्षरात, निरंकार. मी दोनदा टोकलं. तो म्हणाला, "गुर्जी, काईच नाई म्हंजे निरंकारच ना?" मी टोकणं सोडून दिलं.

त्या वर्षी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सोमाजी शाळेत आला. चेहरा उजळलेला.

"गुर्जी, दव किती पडते?"

"काऊन?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"काचेत पाच सेंट भेटले जी. आभाळ तं कोरं हाय."

"मग काय लिहिलंस?"

"पाच लिवले. दिसले ते लिवले."

दुसऱ्या दिवशी सहा. मग चार. मग पुन्हा पाच. फाल्गुन गेला, चैत आला, पळस झडला, तलावाचं पाणी बांधापासून दूर सरकलं, आणि आमच्या गावात सरकारी दप्तराप्रमाणे रोज पाऊस पडत होता. केवळरामबुवांनी निदान केलं, "निगुऱ्या मानसाच्या हातानं मोजलं म्हून असं होऊन राह्यलं. नारळ घेऊन ये, मंत्र देतो." सोमाजी म्हणाला, "आदी हे ठरू द्या."

वरच्या कचेरीतून कागद आला. आसपास पाऊस मोजायच्या एकाही ठाण्यावर थेंब नाही, तुमच्याकडे दीड महिना पाऊस कसा, खुलासा करा. कागद घेऊन ओव्हरसियर सायकलवर घामाघूम आला. रजिस्टर चाळताना आधी 'निरंकार' वाचून हसला, मग पाच, सहा, चार पाहून हसणं थांबलं.

"सोमाजी, यंत्राकडे न जाता घरी बसून आकडे ठोकता ना?"

"नाई जी."

"मग हा पाऊस कुठला?"

"मले मालूम नाई. काचेत होता."

"उद्या माझ्यासमोर वाचायचं. खोटं निघालं तर काच तुमच्याकडे राहणार नाही. कालव्यावरच्या उमाजीला देईन."

त्या संध्याकाळी सोमाजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. चौकीदारी राहणार होती, पगारही राहणार होता. जाणार होती ती फक्त काच. पण सोमाजीनं हात असा धरला होता की जणू काच आत्ताच त्यातून काढून घेतली आहे. "गुर्जी, सायेब म्हनते मी न पाहता लिवलं," एवढंच तो म्हणाला. मीही घाबरलो. उमाजी प्रामाणिक होता, पण त्याला तीन आणि सहा सारखेच दिसत.

सकाळी मीही बंगल्यावर गेलो. ओव्हरसियर व्हरांड्यात यंत्राकडे पाठ करून, खिडकीला आरसा टांगून दाढी करत होता. सोमाजी नेहमीसारखा बांधावर, तोंड पाण्याकडे. एवढ्यात साहेबाचा वस्तरा गालावरच थबकला. आरशात गोकुळाबाई दिसत होती. ओलेती, डोक्यावर पदर, हातात लोटा. ती यंत्रापाशी आली, तळहातभर पाणी अलगद नरसाळ्यात सोडलं, ओली बोटं कपाळाला लावली आणि वळली.

"बाई! थांबा!" अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून साहेब धावला. "हे काय करता?"

"पानी देतो जी देवाले," गोकुळाबाई शांतपणे म्हणाली. "आमचे हे रोज हात जोडते याले, पन खाऊपिऊ काई घालत नाई. चार महिने देव पानी पेते, अन् आठ महिने उपाशी?"

"अहो, हा देव नाही! पाऊस मोजायचं यंत्र आहे!"

"असन. तहान तं लागते ना त्याले? आमचे हे पाह्यत तं रोज बाटली कोरडी. तोंड एवढंसं करून येत. शिवरात्रीले महादेवाचं उरलं पानी याले देलं, तं दुसऱ्या दिवशी घरी हासत आले. मंग मी रोजच देऊन राह्यली."

आवाज ऐकून सोमाजी आला. सगळं ऐकलं. बायकोकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिनं आपल्यावर एवढं लक्ष ठेवलं असेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पण आठ वाजत आले होते. त्यानं हात जोडले, बाटली काढली, काचेत ओतली. थांबला. गुडघ्यावर बसून डोळा खाली आणला.

"पाच सेंट."

"ते राहू दे आता," साहेब म्हणाला. "निरंक लिही. पाऊस नाही पडला."

"काचेत पाच हाय जी."

"अरे, तुझ्या बायकोनं टाकलेत ते!"

"टाकले कोनं का असना. निरंकार कसा लिवू? खोटं होते."

"आणि पाच लिहिलं तर पाऊस पडला असं होतं! तेही खोटंच!"

"पानी ठरू द्या जी," सोमाजी म्हणाला. यंत्राचं की साहेबाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

साहेब ओट्यावर बसला. गालावरचा साबण वाळत चालला होता. सोमाजी रजिस्टर पुढ्यात घेऊन विचार करत होता आणि आम्ही तिघं त्याच्या टाकाकडे पाहत होतो. शेवटी त्यानं रकान्यात '५' लिहिलं आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथं चार वर्षांत त्यानं कधी अक्षर काढलं नव्हतं, तिथं जीभ दातात धरून लिहिलं: 'पाऊस नाई. गोकुळा.'

साहेबानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मागची दीड महिन्याची पानं उलटून प्रत्येक ओळीपुढं स्वतःच्या हातानं 'पाऊस नाही, घरचे पाणी' असं लिहीत बसला. खाली सही करण्याआधी त्यानं आणखी एक ओळ टाकली: 'वाचन बिनचूक. काच याच्याकडेच ठेवावी.'

केवळरामबुवांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "मंग देव पावला म्हना." साहेब म्हणाला, निरीक्षणाची शिस्त पावली. सोमाजीनं दोघांनाही "हो जी" म्हटलं.

गोकुळाबाईचा लोटा त्या दिवसापासून ओट्याशेजारच्या कडुनिंबाला लागला. पण नुसतं झाडाला घालून तिचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी ती बांधावर नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काय करा लागते इथी?"

"काईच नाई."

"एवढंच?" म्हणून ती बसली. विडी अर्धी जळेल एवढा वेळ गप्प राहिली, आणि तिच्या बाबतीत हे पुष्कळ होतं.

आठ वाजता दोघं मिळून यंत्राकडे आली. बाटली खडखडीत कोरडी. गोकुळाबाई त्याचं तोंड एवढंसं होतं का ते निरखून पाहत होती. सोमाजीनं बाटली उलटी धरून तिला दाखवली आणि मोठ्या खुशीत टाक शाईत बुडवला.

निरंकार.