व्याह्यांनी मागितलेलं झाड

माझ्या व्याह्यांइतका सौद्याला कच्चा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि इतकी वर्षं लाकडाचा धंदा करून मला कुणी सौद्यात हरवलं असेल तर ते याच माणसानं. मी अठराव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी या शहरात आलो, दुसऱ्याच्या वखारीत ओंडके वाहिले, आणि आज वाघोलीला माझी स्वतःची वखार आहे. हे सगळं जिभेच्या जोरावर. त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या याद्या करायला बसायचं ठरलं तेव्हा मी आठवडाभर तयारी केली होती. ते काय मागतील, मी कुठे आवाज चढवीन, कुठे उठून जायला निघेन, सगळं पाठ. व्याही चष्मा पुसत म्हणाले, "आम्हाला काही नको." मी म्हटलं, "अहो, मुलाकडचे आहात तुम्ही! काहीतरी मागा, म्हणजे मला नाही म्हणता येईल." त्यावर ते म्हणाले, "आत्ता सुचत नाही. सुचलं की मागेन." बैठक संपली. चहा अजून गरम होता. मुलीचा बाप म्हणून माझी जी एकमेव संधी होती ती या माणसानं अशी घालवली, आणि हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यांची सगळी नोकरी सरकारी जमिनी मोजण्यात गेली. साखळी घेऊन डोंगर-जंगलं पालथी घालता घालता त्यांना सुतारपक्ष्यांचा नाद लागला, आणि हळूहळू ते स्वतःच तसे झाले. कोणत्याही दाराची घंटा ते वाजवत नाहीत, बोटाच्या पेरानं तीन वेळा ठोकतात आणि मान तिरकी करून थांबतात. कलिंगड ठोकतात, भिंत ठोकतात. माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मी फार खूश होतो. पाहुण्यांना मी ते सागवानी म्हणून दाखवत असे. व्याह्यांनी पहिल्याच भेटीत ते ठोकलं, कान लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वरून सागवान, पण आतून काय आहे?" आतून प्लायवूड होतं. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. कर्वेनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी कुजलेल्या लाकडाचे तुकडे मांडून ठेवले आहेत, कारण त्यात मुंग्या होतात आणि मुंग्या सुतारपक्ष्यांना आवडतात. वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा तणतणत आल्या, "काका, मुंग्या आमच्याकडे येतात." व्याही म्हणाले, "येणारच. जिना एकच आहे."

एकदा माझ्या वखारीत ते एका ओंडक्यापाशी बराच वेळ उभे होते. त्याला हाताच्या मुठीएवढं गोल भोक होतं, म्हणून मी तो मालकाशी भांडून पडत्या भावात उचलला होता. व्याह्यांनी भोकात हात घातला, कोपरापर्यंत, आणि डोळे मिटले. म्हणाले, "इथे कुणीतरी राहत होतं." मी म्हटलं, "व्याही, ही लाकडातली खोट आहे." ते म्हणाले, "सुतारपक्षी दर वर्षी नवं घर कोरतो. जुनं तसंच सोडून जातो. मग तिथे साळुंकी येते, पोपट येतात, पिंगळा येतो. त्यांच्या चोचीला कोरणं जमत नाही. जंगलातली निम्मी पाखरं याच्या सोडलेल्या घरात वाढतात. आणि भाडं कुणीच देत नाही." मला ते मूर्खपणाचं वाटलं. स्वतः कष्टानं उभं केलेलं असं कुणी सोडतं का?

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीतला विलायती शिरीष वठला. रीतसर परवानगी आली आणि नात्यातला माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं. माणसं आणि करवत घेऊन मी सकाळी पोहोचलो, तर व्याही खोडाला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. वर भोकातून सोनेरी पाठीचा, लाल शेंडीचा एक सुतार डोकावत होता. आत पिल्लं होती. व्याही म्हणाले, "लग्नात मी काही मागितलं नव्हतं. आता सुचलंय. दोन आठवडे द्या."

मी खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी हा माणूस सौद्याला बसला होता! मी म्हटलं, "एक आठवडा." ते म्हणाले, "तीन."

"अहो, असं उलटं कसं? तुम्ही खाली यायचं, मी वर जायचं."

"तुम्ही हुज्जत घालता त्यात दिवस जातात. ते नको धरायला?"

"ठीक आहे, दहा दिवस!"

"मग चार आठवडे करू या का?"

मी घाईघाईनं तीन आठवड्यांवर हात मिळवला. सोसायटीचे अध्यक्ष भडकले, त्यांची गाडी झाडाखाली उभी असते. तेव्हा काही पडलं तर जबाबदारी माझी, असं मला लिहून द्यावं लागलं. आणि जबाबदारी माझी म्हणून मलाही रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसावं लागलं.

त्या सकाळी मला नीट सांगता येत नाहीत. रस्त्यावर कॉलेजच्या मुलांच्या गाड्यांचा गोंगाट चालू असायचा, पण झाडाखाली जणू दुसरीच हवा होती. नर यायचा, शेपटी खोडाला टेकवून उभा राहायचा, आत चोच घालायचा, जायचा. मग मादी. व्याही खोडावर तळहात ठेवून बसायचे आणि माझाही हात ओढून ठेवायचे. वर टकटक झाली की मेलेल्या लाकडातून ती बोटांत उतरायची. आयुष्यभर मी लाकूड हाताळलं, पण लाकूड काही सांगतंय असं कधी वाटलं नव्हतं. बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि जाग आली तरी आपण कुठल्या गावाला आहोत हे पटकन कळायचं नाही.

दोन पिल्लं उडाली. तिसरं नुसतं डोकं बाहेर काढून बघत राहायचं. एकवीस दिवस संपले. बाविसाव्या दिवशी अध्यक्ष आले, "काका, मुदत संपली ना?"

व्याह्यांनी खुर्ची खोडाला आणखी चिकटवली.

मी म्हटलं, "अजून चार दिवस आहेत."

अध्यक्ष बोटांवर मोजायला लागले. मी ओरडलो, "हात मिळवल्याचा दिवस धरायचा नसतो, आणि मधले रविवारही नाही! आमच्या धंद्यात असंच मोजतात. तुम्हाला ठाऊक नसेल तर वखारीत येऊन शिका!" ते गेले. असं कुठल्याही धंद्यात मोजत नाहीत. व्याह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासाठी चहा आणायला वर गेले, आणि तेवढ्यात ते पिल्लू निघालं. चहाचे दोन कप घेऊन व्याही खाली आले तेव्हा भोक रिकामं होतं. ते कप हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळू म्हणाले, "तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"सांगा ना."

फळीचं कौतुक मी तासभर करू शकतो, पण तेव्हा शब्दच येईनात. म्हटलं, "आधी वाटलं, पडलं. पण पडलं नाही."

पुढे मी अध्यक्षांशी दोन तास भांडून फक्त फांद्या काढल्या आणि खोड राखलं. सुतार परत आला नाही. आता तिथे पिंगळ्याची जोडी आहे. व्याह्यांना त्याचं काही वाटत नाही. माझ्याकडेच त्यांचं एक मागणं राहिलंय. भेटलो की इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर ते चष्मा काढतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, ते पिल्लू कसं उडालं ते सांगा."

मी सांगतो. हल्ली थोडं सावकाश सांगतो, म्हणजे ते जरा जास्त वेळ हवेत राहतं.