बाबांपासून लपवलेल्या ओळी

साखरेनं बाबांचे डोळे नेले, तेव्हापासून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पांढरकवड्यात हायवेला लागून आमचं घर. ट्रकांच्या आवाजात मोठ्यानं वाचावं लागे. बाबांनी जन्मभर ट्रकच चालवला, पण संध्याकाळच्या चहानंतरचा एक अध्याय कधी चुकवला नाही. आता ते खाटेवर बसत आणि मी वाचत असे. आणि सरळच सांगते, वाचताना मी चोरी करत असे.

भावाला जो क्षमा करत नाही त्याला वरूनही क्षमा नाही, अशा अर्थाचं जिथं जिथं येई, तिथं मी उडी मारून पुढं जाई. कारण बाबा आणि काका वीस वर्षं बोलत नव्हते. काका तिकडं झरी जामणीकडे, रानातल्या गावात. आजी त्यांच्याजवळ राहायची. म्हातारपणी तिनं बाप्तिस्मा घेतला होता, पण ती गेली तेव्हा काकांनी तिला जुन्याच रीतीनं माती दिली. ना पास्टर, ना प्रार्थना. बाबा हैदराबादेकडे माल घेऊन गेलेले. ते परत येईतो सगळं उरकलेलं. "माह्या मायचं तारण हिरावलं यानं!" असं बाबा अख्ख्या गावासमोर ओरडले, आणि त्या दिवसापासून बोलणं तुटलं. तारण विश्वासानं मिळतं, मातीच्या रीतीनं नाही, असं पास्टरनी कितीदा समजावलं. बाबा ऐकून घेत आणि मान फिरवत.

डोळे गेल्यावर पहिल्यांदा मी तसली ओळ वाचली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मग मीच ठरवलं, कायले म्हाताऱ्याचा जीव जाळा? तीन वर्षं मी अशी सोडून सोडून वाचत राहिले, आणि वरून स्वतःला शहाणी समजत राहिले.

मग एका रविवारी पास्टर उपदेशात म्हणाले, शास्त्रातलं अक्षर न् अक्षर देवाच्या श्वासातून आलंय, माणसानं फक्त लेखणी धरली. आणि शेवटच्या पानावर ताकीद आहे, यातलं जो काही कमी करील, त्याचा वाटा देव कमी करील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना! मला वाटलं, ते माझ्याकडेच पाहून बोलताहेत. प्रभुभोजनाची भाकर समोर आली आणि मी ती घेतली नाही. बाजूच्या बाईनं कोपरानं ढोसलं, "काहून वं, बरं नाही का?" मी म्हटलं, पित्त झालंय. देवाच्या घरात बसून खोटं बोलले मी!

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, किडन्या थकल्या, आता घरीच ठेवा. मग मात्र माझं धाबं दणाणलं. माझं जाऊ द्या, पण बाबा क्षमा न करता गेले तर? ते बिनघोर जातील, कारण वाचणारीनं त्यांना सावधच केलं नाही. आंधळ्याचा हात धरणारी मी, आणि खड्डा झाकून ठेवणारीही मीच.

बुधवारी चहा झाल्यावर मी ती पानं काढली. "बाबा, आज जराक कठीण हाय," म्हटलं आणि वाचलं. एक शब्द सोडला नाही.

बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"तीन वर्सं झाले," ते म्हणाले. "मले वाटलं, तू आता हे वाचतच नाही."

मी पानावरून मान वर केली. "तुम्हाले माईत होतं?"

"पाठ हाय मले. तू सोडून देत होती अन् मले बरं वाटे. पोरीनं वाचलंच नाही, तं देव तिले विचारन, मले कायले विचारन? तुह्या आड लपून राह्यलो होतो मी, माय." त्यांनी चाचपून माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "आता भेव वाटते मले. लाव त्याले फोन."

काका दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आले. आत यावं की नाही, अशा विचारात दारातच थांबले. बाबांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. मला वाटलं, आता म्हणतील, तुले माफ केलं. पण ते म्हणाले, "मी पोचलो नाही रे. माय मले बोलवत होती अन् मी माल उतरवून राह्यलो होतो. तू होता म्हून तिले माती तरी भेटली. माफ कर मले."

काकांनी खाली बसून त्यांचे पाय धरले. "मी तं कवाच केलतं, दादा. पण तुह्यापुढं यायचं भेव वाटे."

सोमवारी बाबा गेले. मातीच्या वेळी पास्टर म्हणाले, प्रभूनं आपलं लेकरू घरी नेलं. मी आमेन म्हटलं, आणि बाबांपुरतं ते मनापासून म्हटलं. भीती उरली ती माझी. दोघा भावांना चार दिवस मिळाले. मी मधे नसते तर तीन वर्षं मिळाली असती. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पास्टरनाही नाही. पण एक दिवस विचारणारा विचारेलच, आणि तेव्हा 'दयेपोटी केलं' असं त्याला सांगता यायचं नाही. त्याला माहीत आहे की न जेवता रुसून बसणाऱ्या म्हाताऱ्याचा मला कंटाळा आला होता.