कंपाउंडर नानांचा निरोप

लाउडस्पीकरवरून "दुखापतीमुळे ही कुस्ती होणार नाही" असं जाहीर झालं, की गर्दीतून सगळ्यात आधी उठायचे ते आमचे कंपाउंडर नाना. डोक्यावरची टोपी नीट करायची, एक हात उंच करायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचं, "पट्टी सोड भाऊ, माले देखू दे!" मग सगळं मैदान त्यांच्यामागून तेच ओरडायला लागायचं. मेहरूणपासून साक्रीपर्यंत कुठल्याही यात्रेतला आखाडा असो, पट्टी बांधून आलेला पैलवान आधी गर्दीत नजर फिरवून नाना आलेत का ते बघत असे.

नाना मूळचे साक्रीकडचे. मेहरूणमधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांची निम्मी हयात गेली. दवाखान्यात ते शुद्ध बोलायचे आणि आवाज इतका हळू, की रडणारं लेकरूसुद्धा ऐकायला गप्प व्हायचं. जखम धुताना "झालं हं, झालंच" म्हणत राहायचे. धुऊन वाळवलेल्या पट्ट्या मांडीवर घेऊन त्यांच्या सारख्या गुंडाळ्या करत बसायचे. हाच माणूस आखाड्याच्या कडेला गेला की अहिराणीत शिरायचा आणि कुणाच्याही दुखण्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "दवाखान्यात माणूस बरं व्हायला येतो. आखाड्यात पट्टी बांधून येतो तो लपायला येतो."

मी असोद्याचा. नोकरी लागल्यावर त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या पंखाखाली गेलो. रविवारी एसटीने निघायचं, नानांच्या बायकोने, अक्कांनी, दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी वाटेत खायच्या आणि कुस्त्या बघायच्या. कुस्ती कशी बघायची ते मला नानांनीच शिकवलं. "खांद्याकडे बघू नको, पायांकडे बघ. पाय आधी बोलतात," असं ते सांगायचे. लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर करून लांबून लांबून येतात आणि पत्रकावर छापलेली जोड ऐनवेळी मोडते, याचा त्यांना मनापासून राग यायचा. मलाही यायला लागला. नानांच्या पाठीमागून ओरडण्यात मी कधी मागे राहिलो नाही.

अशाच एका यात्रेत शेवटची कुस्ती धुळ्याच्या पैलवानाची होती. पोरगा नावाजलेला होता, सगळं मैदान त्याच्यासाठीच थांबलं होतं. तो आला तो खांद्याला जाड पट्टी बांधून. आमच्याकडे रीत अशी, की कुस्ती सोडणाऱ्याने आखाड्यात उतरून मातीला हात लावायचा आणि चारी बाजूंना हात जोडायचे. तो हात जोडतोय तोवर नाना थेट आखाड्यात उतरले. पंच जुने ओळखीचे, त्यांनीही अडवलं नाही. नानांनी पट्टी सोडायला लावली, सरावाच्या बोटांनी खांदा चाचपला, हात वर करून फिरवून पाहिला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "हाई बठ्ठं नाटक शे!" सगळं नाटकच, खांदा ठणठणीत होता. लोकांनी त्याला ढेकळं मारली. मातीत पडलेली पट्टी त्याने उचलली, झटकली आणि ती गुंडाळत गुंडाळत निघून गेला. मी पोट धरून हसत होतो. पुढे त्याचं नाव कुठल्याच पत्रकावर दिसलं नाही.

दोनेक वर्षांनी साक्रीकडची यात्रा आली. नानांचं स्वतःचं मैदान, ते कधी चुकवायचे नाहीत. मी सकाळी तयार होऊन गेलो तर नाना खाटेवर, गुडघ्याला पट्टी. म्हणाले, "मी येत नही. मना गुडघा दुखस." आदल्याच दिवशी मी त्यांना दवाखान्याच्या पायऱ्या भराभर चढताना पाहिलं होतं. अशी संधी मी सोडतोय होय! शेजारच्या दोघांना हाक मारली, अक्कांनाही बोलावलं आणि नानांच्याच आवाजात ओरडलो, "पट्टी सोड भाऊ, माले देखू दे!" ते नको नको म्हणत असताना मीच पट्टी सोडली. गुडघा ठणठणीत. "बठ्ठं नाटक शे!" मी म्हणालो आणि सगळे हसले.

नाना हसले नाहीत. ते खाटेवर हाताने पट्टी शोधायला लागले. पट्टी त्यांच्या समोर, वीतभर अंतरावर पडली होती, आणि हात उशाशी चाचपत होता. माझं हसू तिथेच थांबलं. शेजारचे दोघे निघून गेल्यावर नाना म्हणाले, "आते माले दिखत नही रे भाऊ. आखाड्यात दोन माणसं दिखतस, पन कोन कोनता ते समजत नही." साखरेने डोळे खाल्ले होते. पट्ट्या बांधायचं काम बोटांच्या सवयीवर चाललं होतं, बाकीचं अक्का सांभाळून घेत होत्या. "मग डोळ्यांचं सांगायचं ना," मी म्हणालो. ते म्हणाले, "गुडघा म्हटलं तर लोक दोन दिवस हसतील. डोळे म्हटलं तर जन्मभर च् च् करतील."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी हट्टाने त्यांना साक्रीला नेलं. आखाड्याच्या अगदी कडेला बसून मी कानाशी एकेक डाव सांगत राहिलो, आता पट काढला, आता ढाक लावली. माझं चुकलं की गर्दीच्या आवाजावरून तेच दुरुस्त करायचे. आणि नेमकं तिसऱ्या कुस्तीला जाहीर झालं, दुखापत. सगळं मैदान नानांकडे वळलं. "नाना, उठा!" लोक ओरडायला लागले.

नानांनी मला विचारलं, "पोऱ्या कसा उभा शे?"

"मान खाली घालून."

"मंग जाऊ दे त्याले."

ते उठले नाहीत. परतीच्या एसटीत त्यांनी धुळ्याच्या पैलवानाचा विषय काढला. म्हणाले, "धुयाना त्या पोऱ्याले काय व्हयेल व्हतं, कोन जाने. मी खांदाच देखा."

पुढच्याच वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. नाना निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, अक्कांचा हात धरून. एवढंच म्हणाले, "तो पोऱ्या भेटी गया तर सांगजो, नाना हात जोडस." मी धुळ्यातल्या तालमी पालथ्या घातल्या. कुणी म्हणालं सुरतेला गेला, कुणी म्हणालं शेती करतो. तो सापडला नाही. आणि तिसऱ्या वर्षी अक्कांचं पत्र आलं, नाना गेले.

अजूनही कुठे आखाडा दिसला की मी कडेला जागा धरून बसतो आणि शेजारी कुणी नसताना पुटपुटतो, आता पट काढला. नानांची फार आठवण येते. दुखापत जाहीर झाली की लोक आजही ओरडतात. मी तेवढा पट्टी बांधलेल्या पोराचा चेहरा नीट बघून घेतो. धुळ्याच्या पैलवानाचं आता वय झालं असेल, कदाचित मी ओळखणारही नाही. पण निरोप अजून माझ्याकडेच आहे.