घड्याळाला ऊन लागलं

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी नांदेडहून एसटीनं मास्तरकीच्या मुलाखतीला निघालो होतो. मनगटावर मेव्हण्याकडून मागून आणलेलं, काटे नसलेलं नवंकोरं आकड्यांचं घड्याळ. खिडकीच्या उन्हात ते काळंठिक्कर पडलं आणि माझं तोंडही.

शेजारची म्हातारी म्हणाली, "ऊन लागलंय त्याला, बाबा."

तिनं तांब्यातल्या घोटभर पाण्यात पदर भिजवून घड्याळ गुंडाळलं, वर फोडलेला कांदा धरला आणि तान्ह्या लेकरासारखं थोपटत बसली. अहमदपूरला आकडे परत दिसले.

"बग, आलं का न्हाई शुद्धीवर?" म्हणत तिनं उरलेला कांदा माझ्या खिशात कोंबला.

आता मी वर्गात शिकवतो, की आकड्यांच्या घड्याळाच्या पडद्यातलं द्रवस्फटिक तापलं की बिघडतं, निवलं की सुधारतं. उन्हाळ्यात शिकवताना खिशात कांदा मात्र असतोच.