बांधावरची बाज

पुण्याजवळच्या उंड्रीत आता इमारतींच्या मधे शेत शोधावं लागतं. विजयमालाचं आहे, वीस गुंठे. मेथी, कोथिंबीर काढून ती मार्केट यार्डात नेते. मी इथल्या शाळेत शिकवते; तिचा मुलगा सूरज माझ्या वर्गात होता. आता तो पायदळात आहे, सरहद्दीवरच्या एका उंच चौकीत.

ज्या वर्षी तिचा नवरा बजरंग अंथरुणाला खिळला, त्या वर्षी शेजारचा चुलत दीर बांध कोरू लागला. दर नांगरटीला वीतभर. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. पुढच्या नांगरटीला दगडही सरकले. तेव्हा हिनं बांधावर बाज टाकली आणि तिथंच ठाण मांडलं. शिवी नाही, भांडण नाही. भाजी निवडणं तिथंच, जेवण तिथंच. दिराचा ट्रॅक्टर बाजेपर्यंत यायचा, घुटमळायचा आणि वळायचा. शाळेला जाताना मी पाहायचे. एक बाई नुसती बसली आहे, आणि ते लोखंडाचं धूड मागं फिरतंय!

गेल्या महिन्यात तिनं मला बोलावलं. सूरज सुट्टीवर आला होता. त्याचा दुखावलेला गुडघा बरा झाला होता, तरी साहेबांनी त्याला पुण्यातच लष्कराच्या भांडारात काम देऊ केलं होतं. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं, आणि तो म्हणत नव्हता.

"बाई, तुमचं ऐकतो त्यो. सांगा जरा."

मी तोंड उघडायच्या आत मायलेकांचंच जुंपलं.

"एवढी विमानं हायत, तोफा हायत. तुझ्यावाचून काय अडलंय तिथं?"

"विमान येतं, बघतं, जातं. ते तिथं राहत नाही, आई."

"आन् तू काय करतोस?"

"उभा राहतो."

"एवढंच?"

"तू बांधावर काय करत होतीस?"

संचलनातले रणगाडे बघून मी आजवर देशाचं बळ मोजत आले होते. आता मला बर्फात दूरवर गेलेली माणसांची एक ओळ दिसू लागली, एवढ्या मोठ्या देशाच्या बांधावर पाय रोवून उभी.

विजयमालानं विचारलं, "आता तुझ्या जागंवर कोण हाय?"

"ओडिशाचा एक पोरगा. मी गेलो की त्याची सुट्टी."

"म्हंजे तू हितं ऱ्हायलास, तर त्यो तिथंच अडकला?"

"दुसरा कुणी येईस्तोवर."

"त्याची आई बी अशीच कुठल्यातरी बाईंना बोलावून बसली असंल," ती उठत म्हणाली. "जा बाबा. आन् कानटोपी घालत जा. फोटोत डोकं उघडंच असतं."